एखाद्यावर गुन्हा दाखल झाला म्हणून पालिका त्याचं घर पाडू शकते का?

नाही. आरोपीचंच काय, दोषी ठरलेल्याचंही घर त्या कारणासाठी पाडता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात हे स्पष्ट बजावलंय. बांधकाम बेकायदा असलं तरी आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, घरावरही तिची प्रत, किमान १५ दिवस मुदत, सुनावणी आणि पाडण्याच्या आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. हे डावललं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग किंवा नदीलगतच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. गुन्हा एकावर आणि उघड्यावर म्हातारे आईबाप, शाळकरी पोरं, हा निव्वळ सत्तेचा माज आहे. नोटीस आलीच तर पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट फेकू नका, नोटीस कधी आली हे दाखवायला ते कामी येतं.