मिथेनॉल हातावर सांडलं तर काय होतं? विषारी दारूत असतं ते हेच का?

आधी तुमच्या हाताचं सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. तुम्ही लिहिलंय की बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हातावर मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात सॉल्व्हंट म्हणून वापरतात ते विषारी अल्कोहोल, सांडलं, लगेच नळाखाली धुतलं, त्याला आता तीन दिवस झाले आणि त्रास काही नाही. मग घाबरायचं कारण नाही. कातडीतून ते आत शिरतं हे खरं, पण त्यासाठी भरपूर सांडायला हवं आणि बराच वेळ लागून राहायला हवं, म्हणजे भिजलेला ॲप्रन तसाच अंगावर ठेवून तासभर काम केलं असं काहीतरी. फक्त एक, लॅबमधले ते निळे नायट्राइलचे ग्लोव्ह्ज मिथेनॉल फार वेळ अडवत नाहीत, काही मिनिटांत आरपार येतं, त्यामुळे ग्लोव्ह्जवर सांडलं की काढून टाकायचे आणि नवीन घालायचे.

मी गेली अकरा वर्षं तारापूरला एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांच्या तपासणीला आहे, एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. दिवसाला दोन-तीन लिटर मिथेनॉल हाताखालून जातं म्हटलं तरी चालेल. मोबाईल फेज, म्हणजे त्या यंत्रातून सोडायचं द्रावण, बनवताना एक गंमत रोज दिसते. 500 मिली पाणी आणि 500 मिली मिथेनॉल वेगवेगळं मोजून एकत्र केलं तर एक लिटर भरतच नाही, 960 च्या आसपास भरतं, कारण दोघांचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की जागाच कमी लागते. आणि बाटली चांगली कोमट होते. ॲसिटोनायट्राइल हे दुसरं सॉल्व्हंट पाण्यात घातलं तर उलट गार पडते. नवीन मुलं आली की मी त्यांना बाटलीला हात लावून सांगायला लावते कुठलं सॉल्व्हंट घातलंय ते.

बाकी उपयोग म्हणाल तर तुमच्या घरात बसून मोजा. प्लायवूड आणि लॅमिनेट चिकटवायचं रेझिन, मेलामाइनच्या प्लेट्स, हे सगळं फॉर्मल्डिहाइडवर चालतं आणि ते बनतं मिथेनॉलपासून. ॲसेटिक ॲसिडही बहुतेक त्याच्यापासूनच. बायोडिझेलला लागतं. कंबरेला चोळायच्या मलमाचा तो वास येतो ना, तो मिथाइल सॅलिसिलेटचा, सॅलिसिलिक ॲसिड, मिथेनॉल आणि दोन थेंब सल्फ्युरिक घालून गरम केलं की अख्ख्या लॅबमध्ये मलमाचा वास, हे तुम्ही केलंच असेल. आणि पावसाळ्यात ताप आला की मलेरियासाठी काचेवर रक्ताचा थेंब पसरतात, त्या पातळ स्मिअरवर आधी मिथेनॉल टाकतात म्हणजे पेशी काचेला चिकटून बसतात आणि फुटत नाहीत. लीशमन स्टेन, म्हणजे स्मिअर रंगवायचा रंग, तर मिथेनॉलमध्येच बनवलेला असतो, त्यामुळे त्यात वेगळं काही करावं लागत नाही. जाड थेंबाला मात्र मिथेनॉल मुद्दाम लावत नाहीत, कारण तिथे लाल पेशी फुटायलाच हव्या असतात, म्हणजे जंतू मोकळे दिसतात.

आता दुसरा प्रश्न, विषारी दारूत असतं ते हेच का. हो, हेच. जून 2015 ला मालाडच्या मालवणीत 100 च्या वर माणसं गेली, 2004 ला विक्रोळीत गेली, 2022 ला गुजरातमध्ये बोटादकडे, 2024 ला तमिळनाडूत कल्लाकुरिचीला. नावं बदलतात, प्रकार तोच. गावाकडे लोक म्हणतात नवसागर जास्त पडला, गूळ सडका होता. गूळ आंबवून मिथेनॉल नावालाच बनतं, फळांच्या पेक्टिनमधून थोडं बनतं, पण त्याने वस्तीच्या वस्ती मरत नाही. कारखान्यासाठी निघालेलं मिथेनॉल स्वस्त पडतं म्हणून कुणीतरी ते दारूत ओततं किंवा दारू म्हणूनच विकतं, तेव्हा हे होतं. दिसायला पाण्यासारखं, वासाला साध्या स्पिरिटच्या इतकं जवळ की नाकावर भरवसा ठेवता येत नाही. काडी लावून निळी ज्योत आली म्हणजे माल चोख, असं सांगणारे लोक मी स्वतः ऐकलेत, आणि हे ऐकून अंगावर काटा येतो, कारण मिथेनॉलही निळंच जळतं.

खरं विष मिथेनॉल स्वतः नाही. लिव्हरमध्ये जे एन्झाइम दारू पचवतं तेच मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं, मग त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, लाल मुंगी चावल्यावर चुरचुरतं त्यातलं. हे ॲसिड पेशींचा श्वासच बंद करतं आणि पहिला फटका डोळ्यांच्या नसेला बसतो. 10 मिली पोटात गेलं तरी कायमचं आंधळेपण येऊ शकतं, 30 मिलीत माणूस दगावू शकतो. पण या सगळ्याला वेळ लागतो आणि माणसं तिथेच जातात. पहिले काही तास थोडीशी नशा, मग माणूस बरा वाटतो, झोपतो, घरचे म्हणतात उतरली, आणि साधारण 12 ते 24 तासांनी उलट्या, पोटात कळ, धाप, डोळ्यांसमोर सगळं पांढरं धुकट. सोबत खरी दारूही प्यायलेली असेल तर त्याहून उशिरा. त्यामुळे संशय जरी आला तरी लक्षणांची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला, जिथे डायलिसिस आहे तिथे, आणि मिथेनॉलचा संशय आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. पोलिस केस होईल म्हणून लोक लपवतात, त्यात तास जातात. तिथे फोमेपिझोल, म्हणजे ते एन्झाइम अडवणारं औषध देतात, नाहीतर चक्क साधं इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, मोजून देतात, कारण एन्झाइम ते आधी उचलतं आणि मिथेनॉल तसंच बाहेर पडायला वेळ मिळतो. कृपा करून हे वाचून कुणी घरी क्वार्टर पाजू नका, तिथे रक्त तपासून तासातासाला डोस ठरवतात.

माझ्या पहिल्या नोकरीत एका हेल्परने काचेवरचं मार्कर पुसायला थोडं मिथेनॉल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून टेबलावर ठेवलं होतं. मे महिना, एसी बंद. नवीन आलेल्या मुलाने बाटली उचलली, झाकण उघडलं, ओठाला लावली आणि जीभ चुरचुरली म्हणून तिथेच थुंकला. आम्ही त्याला तशाच ॲप्रनवर गाडीत घालून नेला, एक दिवस ठेवून घेतला, सुदैवाने काही झालं नाही. पण बाटली त्याच्या ओठाजवळ गेलेली मला अजून जशीच्या तशी दिसते. चांगला हुशार मुलगा होता हो, तहान लागली होती एवढंच.

आणि तिसरं, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. सायन्स एक्झिबिशनला बशीत वेगवेगळे सॉल्ट्स घेऊन वर मिथेनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवणार म्हणालात. नका करू. मिथेनॉलची वाफ 11-12 डिग्रीलाही पेट घेते, म्हणजे आपल्याकडे थंडीतही. उजेडात ज्योत दिसत नाही, विझली असं समजून कुणीतरी बाटलीतून परत ओततं, आग धारेवरून बाटलीत शिरते आणि समोरच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या अंगावर फवारा जातो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये याच प्रयोगात मुलं भाजली आहेत, एकदा नाही, अनेकदा. बोरेटची हिरवी ज्योत आपणही बघितली, पण ती पोर्सेलीनच्या वाटीत, चमचाभर मिथेनॉलवर, बाटली कपाटात गेल्यावर.

त्यापेक्षा आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या, प्रत्येक सॉल्टच्या पाण्यात रात्रभर वेगवेगळ्या भिजत घाला, आणि एक्झिबिशनला गॉगल लावून एकेक काडी बर्नरच्या ज्योतीत धरा. मीठ पिवळं, कॉपर हिरवं, स्ट्रॉन्शियम लालभडक. काडी पेटायच्या आत काढायची आणि शेजारी पाण्याचा बीकर ठेवायचा, त्यात टाकायची. सर नाही म्हणाले तर त्यांना हे उत्तर दाखवा, किंवा इथेच कमेंटमध्ये लिहा, मी त्यांच्याशी बोलते.