हात लावण्याआधी ऐकायला शीक

नोकरी सोडून पूर्णवेळ उपचारक व्हावं का, असं तू विचारलंस. लगेच सोडू नकोस. वर्षभर आठवड्याला दोन-तीन माणसांसोबत काम करून बघ. दमल्यावरही पुढच्या माणसाबद्दल कुतूहल उरत असेल, तर ही ओढ खरी आहे.

रेकी (हात ठेवून ऊर्जा देण्याची पद्धत), रिफ्लेक्सॉलॉजी (तळपाय-तळहातावरचे बिंदू दाबणं), अरोमाथेरपी (सुगंधी तेलांचा वापर) असं सगळं एकदम शिकू नकोस. एकच पद्धत धर आणि तिच्या जोडीने शरीररचना नीट शीक. रेकीचं ‘मास्टर’ प्रमाणपत्र काही ठिकाणी थोड्या दिवसांत मिळतं. त्याने आजार ओळखता येत नाही.

पहिल्या भेटीत मी बराच वेळ फक्त ऐकते. झोप, जेवण, घरातला ताण. चालू औषधांबद्दल तर आवर्जून विचार. सेंट जॉन्स वर्टसारखी ‘नैसर्गिक’ वनस्पतीसुद्धा गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी करते. छातीत दुखणं, कारण नसताना घटणारं वजन, शौचातून रक्त, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यातलं काहीही कानावर आलं तर विनाविलंब डॉक्टरकडे पाठव. आणि डॉक्टरांची गोळी बंद करा असं कधीच सांगायचं नाही, समोरच्याने कितीही आग्रह केला तरी.

सुरुवातीला मला वाटायचं, कुणाला दुसरीकडे पाठवलं म्हणजे मी कमी पडले. एका बाईंची पाठदुखी मी दोन महिने हाताळत राहिले; तपासणीत मूतखडा निघाला. ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशकांचे नंबर असतात. तूही ती यादी पहिल्याच महिन्यात कर.