रडार, कॅमेरे, उपग्रह असूनही समुद्रमार्गे तस्करी का थांबत नाही?

तुम्ही विचारलंय की २६/११ नंतर किनाऱ्यावर एवढी यंत्रं बसवली, तरी शस्त्रं आणि अमली पदार्थ समुद्रातून येतात कसे, आणि कमी पडतं ते यंत्र की माणूस? मी श्रीवर्धन तालुक्यातला. घरची बोट आहे, वडील तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुख, मीही चार हंगाम खलाशी म्हणून गेलोय. बंदरावरून जे दिसतं ते सांगतो.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण त्यांचा माल आमच्याच तालुक्यात उतरला. जानेवारीत दिघीला शस्त्रं उतरली, फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या होत्या. अडवल्या, आणि लाच ठरवून सोडून दिल्या. पुरती रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या. हे सगळं खटल्यात पुढे आलं, पोलीस आणि कस्टमच्या माणसांना शिक्षा झाल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. गाड्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या, तिथे रडार काय करणार होतं? आजही शेखाडीचं नाव निघालं की आमच्याकडची म्हातारी माणसं मान खाली घालतात. ज्यांनी काहीच केलं नाही तीसुद्धा.

२६/११ ची गोष्ट वेगळी. दहा जणांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट भर समुद्रात ताब्यात घेतली. बोट आपली, बांधणी आपल्याकडची, लांबून बघणाऱ्याला संशय यावा असं काहीच नाही. मुंबईजवळ ते रबरी होडीत उतरले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत लागले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं होतं. गुर्मीत काहीतरी उत्तर देऊन ते चालते झाले. म्हणजे यंत्रांना चुकवून आलेल्यांना पहिला प्रश्न कोळ्याने विचारला. त्या प्रश्नाच्या मागे तेव्हा कुणी उभं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

रडारला ठिपका दिसतो. तो कुणाचा, हे रडार सांगत नाही. मोठ्या जहाजांवर एआयएस असतं, ते जहाजाचं नाव, वेग, दिशा सतत पाठवत राहतं. २० मीटरपेक्षा लहान बोटींना ते सक्तीचं नाही, आणि आमच्या बहुतेक बोटी त्याहून लहान. शिवाय लाकडाची नाहीतर फायबरची बोट रडारवर पुसट उमटते, समुद्र खवळला की लाट कुठली आणि बोट कुठली हेच कळत नाही. नारळी पौर्णिमा झाली की शेकडो बोटी एकदम बाहेर पडतात. त्या गर्दीत परका ठिपका कसा ओळखायचा?

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला ‘लेडी हान’ नावाची बोट लागली, आत तीन एके-४७. बोट ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. इंजिन बंद पडलं, माणसांची सुटका झाली आणि रिकामी बोट वाहत इकडे आली. घातपाताचं काही निघालं नाही. पण ती किनाऱ्यावर गावकऱ्यांना दिसली, ही गोष्ट मला आजही टोचते.

आता यावर उपाय चाललाय तो इस्रोच्या ट्रान्सपॉन्डरचा. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्याची देशभरासाठी सुरुवात झाली, एक लाख बोटींवर बसवायचे आहेत. बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळतं, वादळाचा इशारा बोटीपर्यंत येतो, संकटात आपला निरोप किनाऱ्याला जातो. माझ्या मते २६/११ नंतरचं हे सगळ्यात कामाचं यंत्र आहे, कारण आपल्या बोटी ओळखू आल्या की उरतात त्याच तपासायच्या. तरी काही तांडेल कुरकुरतात, आणि त्यांचं खोटं नाही. मासळीची जागा हे तांडेलाचं धन, ती कुणाच्या तरी पडद्यावर दिसणार ही धास्ती असते. ही माहिती कोण बघणार हे मत्स्यव्यवसाय खात्याने बंदरावर येऊन समोर बसून सांगायला हवं.

मोठे तस्कर तर किनाऱ्यापर्यंत येतच नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदल आणि एनसीबीने (अमली पदार्थांविरुद्धची केंद्राची यंत्रणा) गुजरातजवळच्या समुद्रात एका बोटीवर सुमारे ३,३०० किलो अमली पदार्थ पकडले. आणि २०२१ ला मुंद्र्यात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं ते कंटेनरमध्ये, टाल्कच्या, म्हणजे ज्यापासून पावडर बनते त्या दगडांच्या नावाखाली, रीतसर कागदपत्रांसह. तिथे बोट ओळखून काय उपयोग? तिथे स्कॅनर लागतो, आणि माल कुणी, कुणासाठी मागवला हे खोदून विचारणारा अधिकारी लागतो.

रात्री जाळं टाकून इंजिन बंद करून बसलो की कधी कधी गस्तीच्या बोटीचा झोत अंगावर येतो. मग पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ओळखपत्राची कार्डं काढायची, ओल्या हातांनी एकेक वर धरायचं. पूर्वी काही जण चोराशी बोलावं तसं बोलायचे. एकदा एका शिपायाने कार्ड बघून झाल्यावर वडिलांना विचारलं, “काका, आज इकडे कुणी अनोळखी दिसलं का?” वडिलांनी त्याला अर्धा तास माहिती दिली. कुठल्या बोटी नेहमीच्या, कुठली दोन दिवस दिवा न लावता फिरतेय. तोवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही किनाऱ्याजवळ राहत असाल तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर फोनमध्ये ठेवा. आमच्या बोटीत ते केबिनच्या दारावर रंगाने लिहिलेत.