अकरावीत कॅलिफोर्नियाला येणाऱ्या मुलीने अर्ज कुठे करावेत?

पुण्यात दहावी झालेली आपली मुलगी ऑगस्टमध्ये सनीव्हेलच्या हायस्कूलमध्ये अकरावीला बसेल, आपले यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील आणि तिला संगणकशास्त्र शिकायचे आहे. तेव्हा अर्ज कोणत्या महाविद्यालयांना करावेत, असे आपण विचारले आहे. माझी दोन्ही मुले इथल्याच शाळांतून पुढे गेली, त्या अनुभवावरून सांगते की, रँकिंगच्या याद्या तूर्त बाजूला ठेवाव्यात. आपल्यासारख्या कुटुंबाची यादी आधी व्हिसा आणि रहिवास यांवरून ठरते, मुलीच्या गुणांचा विचार त्यानंतर येतो.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे इथे सर्वजण ज्याला यूसी म्हणतात ते सरकारी विद्यापीठ, राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याकडून नेहमीच्या शुल्कावर वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक जादा रक्कम घेते. एच-४, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा, त्यावरील मुलीला मात्र, पालक वर्षभराहून अधिक काळ राज्यात राहत असतील आणि इथेच राहण्याचा हेतू कागदपत्रांनी दाखवू शकत असतील, तर रहिवासी म्हणून प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे आल्याबरोबर गाडी चालवण्याचा परवाना, घराचा भाडेकरार आणि राज्याचा प्राप्तिकर या तिन्ही गोष्टी वेळच्या वेळी कराव्यात. टेक्सास किंवा वॉशिंग्टनमधील सरकारी विद्यापीठे कितीही चांगली असली, तरी तिथे आपण परराज्यातले ठरणार, हे शुल्काचा हिशेब मांडताना विसरू नये.

खासगी विद्यापीठांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. सरकारी आर्थिक मदत एच-४ धारकांना मिळत नाही आणि बहुतेक खासगी विद्यापीठे मदतीपुरते त्यांना परदेशी विद्यार्थीच मानतात. पुष्कळ ठिकाणी तर मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशाच्या निर्णयावरही होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट परदेशी विद्यार्थ्यांचाही निर्णय ऐपत न पाहता करतात, पण तिथे प्रवेश मिळणे किती दुर्मीळ आहे, हे आपण जाणताच. प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन घालणारा अर्ली डिसिजनचा अर्ज, संपूर्ण खर्च स्वतः पेलण्याची तयारी असल्याशिवाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकवीस वर्षे पूर्ण होताच एच-४ संपतो, आणि ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग पाहता तोवर ते हाती येईल असे धरून चालता येत नाही. म्हणजे पदवीच्या मध्यावरच मुलीला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. एच-४वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, एफ-१वर अटींसह करता येते, म्हणून काही मुले हा बदल आधीच करतात. परंतु एफ-१वर रहिवासी दर्जा सहसा मिळत नाही, तेव्हा बदलापूर्वी विद्यापीठाच्या रहिवास कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. इमिग्रेशनच्या वकिलाची फी या एका प्रश्नासाठी मोजणे महाग पडत नाही.

आता प्रत्यक्ष यादी. यूसीच्या नऊही कॅम्पसना एकाच अर्जातून निवडता येते. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर द्यावा लागतो, सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण मुळीच पाहिले जात नाहीत आणि आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे लिहावी लागतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांच्या गप्पांत बर्कली आणि यूसीएलए यांपलीकडे तिसरे नाव क्वचितच निघते, आणि यूसीएलएमध्ये शंभर अर्जदारांपैकी सुमारे नऊच निवडले जातात. डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझ, रिव्हरसाइड यांना दुय्यम मानू नये. त्यांच्या जोडीला सॅन होझे स्टेट आणि सॅन लुईस ओबिस्पोचे कॅल पॉली ही यूसीबाहेरची सरकारी विद्यापीठे असावीत. संगणकशास्त्राला अर्ज करताना विषयही तितकाच तोलून निवडावा लागतो, कारण बर्कलीसारख्या ठिकाणी दुसऱ्या विषयात प्रवेश घेऊन नंतर इकडे वळणे फार अवघड झाले आहे. गणित, संख्याशास्त्र किंवा विदाविज्ञान (डेटा सायन्स) मनापासून चालत असेल तरच तो पर्याय लिहावा.

एक मार्ग आपल्याकडच्या लोकांना कमीपणाचा वाटतो, पण मला तो शहाणपणाचा वाटतो: दोन वर्षे डी अँझा किंवा फूटहिल या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी महाविद्यालयात, शिकून यूसीत जाणे. ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केल्यास यूसीचे सहा कॅम्पस हमीचा प्रवेश देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो मात्र त्या योजनेत नाहीत.

निघण्यापूर्वी नववी आणि दहावीचे शाळेचे निकाल, बोर्डाची मूळ गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम शाळेच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावा. यूसीसाठी पंधरा ठरावीक वार्षिक विषय लागतात, त्यांतील अकरा बारावीपूर्वी पूर्ण व्हावे लागतात, आणि इथल्या शाळेचा काउन्सेलर कोणते विषय झालेले धरायचे हे त्याच कागदांवरून ठरवतो.