मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास आणि नोकरीचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपण किनवटहून लिहिता की सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला जड धातूंमुळे जंगलाच्या मातीवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करायचा आहे आणि ‘जिवाणू मोजून पोट भरेल का’ ही आपली चिंता आहे. भरेल, मात्र पदवीची निवड विचारपूर्वक करावी लागेल.

सागाचा पाला बुरशी आणि जिवाणू कुजवतात, तेव्हाच त्यातील नत्र व स्फुरद पुन्हा मुळांना मिळते. जंगलाला खत घालायला कोणी जात नाही. शिसे, कॅडमियम, जस्त किंवा तांबे मातीत प्रमाणाबाहेर साचले, की युरिएज, फॉस्फेटेज यांसारख्या विकरांचे (कुजण्याच्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एन्झाइम्सचे) काम मंदावते आणि कुजण्याची गती घटते. अमेरिकेत पामर्टन येथील जस्ताच्या कारखान्यांभोवतीच्या जंगलात न कुजलेल्या पाल्याचे थर साचले होते. आपल्याकडची काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी (अल्कलाइन) असल्याने तिच्यात बहुतेक धातू कमी विरघळतात. शिवाय बेसाल्ट खडकामुळे तांबे मुळातच अधिक असते. त्यामुळे एकूण प्रमाण पाहून प्रदूषण ठरवता येत नाही, मुळांना व जिवाणूंना उपलब्ध होणारा अंश मोजावा लागतो. मराठवाड्यातल्या विद्यार्थिनीला खरे काम येथे आहे, असे मला वाटते.

परभणीच्या कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.साठी साधारणपणे कृषी पदवी लागते, म्हणून तो मार्ग धरू नये. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे अभ्यासक्रम पाहावेत. पण माझे मत विचाराल तर तिने एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातच करून प्रबंध मातीवर लिहावा, कारण संशोधनात जम बसला नाही तरी औषध व अन्न प्रयोगशाळांचे दार उघडे राहते. रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र तिने सोडू नये. अणु-शोषण वर्णपटमापक, म्हणजे नमुन्यातील धातूंचे प्रमाण मोजणारे उपकरण, हाताळता आला, तर पाणी व माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही उपयोग होतो.

पुढे सी.एस.आय.आर. नेट ही विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून लागू झालेल्या दराने दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) सारख्या संस्थांतील प्रकल्पांवरची पदे बहुधा मुदतीची असतात, हे घरात आधीच बोलून घ्यावे. तिला तिसऱ्या वर्षापर्यंत रसायनशास्त्र हा विषय होता की नाही, एवढे कृपया कळवावे. प्रवेश परीक्षेची निवड त्यावर ठरवता येईल.