बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन: कालवा, नदी आणि रान एकाच दिवसात

प्रश्न असा आहे: एप्रिलच्या शेवटी लंडनला मुलीकडे येताय, सह्याद्रीत चालायची सवय आहे, सोबत सत्तरीच्या आई आहेत. एका दिवसात नदी, कालवा आणि रान तिन्ही दिसेल अशी वाट हवी. परवानगी किंवा गाइड लागतो का आणि नेहमीचे ट्रेकचे कापडी बूट चालतील का?

परवानगी लागत नाही, गाइडही नको. वाट म्हणाल तर डोळे झाकून केनेट अँड एव्हन कालव्याचा बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हा तुकडा. अंतर साधारण 16 किलोमीटर. पाट्यांवर मैल असतात, म्हणून 10 मैल लक्षात ठेवा. लंडनच्या पॅडिंग्टनहून बाथ स्पा स्टेशनला गाडी दीड तासात पोचते. बाथचं रिटर्न तिकीट काढा आणि परतीचं ब्रॅडफर्ड ते बाथ वेगळं घ्या. तिघे किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्ह मागा, ऑफ-पीक भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते.

चालायचं बाथकडूनच, उलटं नको. बाथ स्टेशनच्या मागच्या पादचारी पुलावरून नदी ओलांडली की विडकमचे लॉक (पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद) लागतात आणि दिवसभरातली चढण तिथेच संपते. यातलं एक लॉक 19 फुटांहून खोल आहे, दोन जुनी लॉक एकत्र करून केलेलं. काठावरून डोकवा, पण दरवाज्याच्या फळीवर उभं राहून फोटो काढू नका. फळी ओली असते आणि खाली उभ्या भिंती आहेत. वरच्या लॉकपासून थेट ब्रॅडफर्डच्या लॉकपर्यंत नऊ मैल एकही लॉक नाही. म्हणजे पाणी एका पातळीत, म्हणून वाटही सपाट. कालव्याचा अभियंता जॉन रेनीने तो डोंगराच्या कुशीला धरून नेलाय, त्यामुळे वळणं भरपूर पण चढउतार नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सुटकेच्या जागा शेवटच्या टप्प्यात आहेत. फ्रेशफर्ड, एव्हनक्लिफ, ब्रॅडफर्ड ही तिन्ही स्टेशनं जवळजवळ आहेत. आई थकल्या तर तिथून गाडी पकडता येते. उलट दिशेने निघालात तर सुरुवातीचा तासभर सोडला की बाथपर्यंत गाडी नाही.

टोपाथ म्हणजे घोडे नावा ओढत चालायचे ती काठाची वाट. या तुकड्यात ती पक्की केलेली आहे, पावसातही चिखल फारसा होत नाही. पण हाच राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक 4 आहे. पायी माणसाला प्राधान्य असलं तरी चौघांनी हात पसरून चालू नका, मागून घंटी वाजली की एका रांगेत व्हा. पुलाखालच्या कमानीत वाट अरुंद होते आणि पलीकडचं दिसत नाही. नावांचे दोर खुंट्यांना बांधलेले असतात, पाय अडकतो तो तिथे. प्रत्येक पुलावर नंबर असतो. बाथकडून निघालात की आकडे कमी होत जातात. हा नंबर बघत चला. काही झालंच तर 999 या आपत्कालीन नंबरला तोच सांगायचा.

बॅथॅम्प्टनला जॉर्ज नावाचा पब कालव्याला खेटून आहे. पुढे डंडस जलसेतू, जिथे सगळा कालवा दगडी पुलावरून एव्हन नदी ओलांडतो. बाथपासून हे निम्मं अंतर, जेवायला बसायची जागा म्हणून उत्तम. पुढची दरी भूस्खलनाची. इथे पाणी इतकं गळायचं की 1950 च्या दशकात हा भाग कोरडा पडला होता. नंतर तळाला काँक्रीट घालून पाणी परत आणलं. 1810 मध्ये पूर्ण झालेला हा कालवा 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते पुन्हा खुला झाला तो अशा दुरुस्त्यांमुळे.

एव्हनक्लिफला बहुतेकांचा घोळ होतो. तिथे दुसऱ्या जलसेतूवर टोपाथ बाजू बदलतो. सेतू ओलांडलात की खाली उतरून त्याच्याच कमानीखालून पलीकडे जायचं. सरळ पुढे वाट दिसत नाही म्हणून लोक तिथे फोन फिरवत उभे असतात. वर बघा: मधली कमान चक्क खचलेली दिसते. रेनीला इथला दगड पसंत नव्हता, विटा हव्या होत्या. कालवा कंपनीच्या कमिटीने ऐकलं नाही.

इथेच नदी आणि रान. आईंना इथल्या पबच्या बागेत चहा घेऊन बसवा आणि तुम्ही नदीकाठाने फ्रेशफर्डकडे दीडेक किलोमीटर जाऊन परत या. आधी कुरणं, मग एव्हनक्लिफ वुड. एप्रिलच्या शेवटी झाडांखाली निळी ब्लूबेल फुललेली असतात, आणि लसणाचा वास आला तर दचकू नका, तो रानलसूण. वाट सोडून फुलांत शिरू नका. ब्लूबेलची पानं तुडवली की कंद कमकुवत होतो. एव्हनक्लिफहून ब्रॅडफर्डला जायलाही दोन वाटा आहेत: वर टोपाथ, खाली नदीकाठाने बार्टन फार्म. अंतर दोन्हीकडे सुमारे अडीच किलोमीटर. आईंसोबत वरचीच.

बुटांबद्दल. टोपाथवर तुमचे कापडी बूट चालतील, नदीकाठावर नाही. सह्याद्रीतला चिखल कातळावर पातळ थराने असतो. इथल्या कुरणातली चिकणमाती एकेका पायाला किलोभर चिकटते. कापड भिजलं की दहा-बारा अंश तापमानात पाय गारठतात. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट आणि एक जादा मोजे. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. पोंचोपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, वाऱ्यात पोंचो डोक्यावर येतो. दोन दिवस सलग पाऊस झाला असेल तर निघण्याआधी पर्यावरण खात्याचा पुराचा इशारा बघा. नदीची वाट पाण्याखाली असेल तर गढूळ पाण्यात पाय घालून खोली मोजू नका, वर कालव्यावर या.

नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हेचे नारिंगी एक्सप्लोरर, 155 आणि 156. यात 4 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांचा हक्क असलेली वाट. काळी तुटक रेषा म्हणजे वाट आहे, हक्क असेलच असं नाही. काळे ठिपके तर बऱ्याचदा हद्दीचे असतात आणि नवखे त्यांच्यामागे काटेरी कुंपणात घुसतात. प्रत्यक्षात खांबावर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडे-सायकलींसाठीही. आपल्याकडे वाट चुकली की गुराख्याला हाक मारतो. इथे तासभर माणूस भेटत नाही, तेव्हा नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवा.

शेताच्या मधूनही हक्काची वाट जाते आणि नांगरली तरी शेतकऱ्याने ती 14 दिवसांत पूर्ववत करायची असते. तेव्हा बिनधास्त पण सरळ चाला. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडंच. किसिंग गेटमध्ये (छोट्या कुंपणात झुलणारं फाटक) एकेकानेच शिरायचं: आत कोपऱ्यात उभं राहा, फाटक पलीकडे ढकला, बाहेर पडा. मोठी सॅक आधी उतरवा.

गाई दिसल्या की आपण निर्धास्त असतो, ती सवय इथे सोडा. वासरांसोबतची गाय कळपाने अंगावर येऊ शकते. गाय आणि तिचं वासरू यांच्यामधून जाऊ नका, कडेने वळसा घाला, पळू नका. सोबत कुत्रा असेल आणि गाई धावल्या तर त्याला सोडून द्या; त्यांचा राग त्याच्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

वाटेत लिंबूसरबतवाला नाही. माणशी लिटरभर पाणी, पोळीभाजी बरोबर घ्या. अनेक पबांचं दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं, रविवारी तर आधी टेबल राखावं लागतं. कालव्याच्या पाण्याने हात धुऊन डबा उघडू नका: उंदरांच्या मुतातून येणारा आपला पावसाळ्यातला लेप्टो इथेही आहे. सॅनिटायझर ठेवा.

वेळेचं गणित: ताशी 4 किलोमीटरने चार तास, थांबे दीड-दोन तास, रानाची फेरी एक तास. दहाला बाथहून निघालात तर पाचपर्यंत पोचता. त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, घाई नाही. हाच बेत डिसेंबरात केलात तर चारला अंधार, तेव्हा रानाची फेरी गाळा.

एव्हनक्लिफहून गाडी पकडायची झाल्यास ते हात दाखवून थांबवायचं स्टेशन आहे. वेळापत्रक आधी बघून ठेवा आणि गाडी दिसताच हात स्पष्ट वर करा, नाहीतर ती निघून जाते. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगा आणि कुठल्या दारातून उतरायचं तेही विचारा, फलाट आखूड आहे.

घरी गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड आहे का बघा, विशेषतः रानात गेलेल्यांनी. सापडली तर चिमट्याने कातडीला टेकवून सरळ वर ओढा. तेल, काडी असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर भारतात परत गेला असलात तरी डॉक्टरांना इंग्लंडच्या रानात गोचीड चावल्याचं सांगा. लाइम आजार तिथे क्वचितच दिसतो, त्यामुळे सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येणं कठीण.