मासे-वन्यजीव संशोधनात करिअर करायचंय, पण जंगलातलं काम मुलीसाठी सुरक्षित आहे का?

तू लिहिलंयस की टी.वाय.ला आहेस, विषय प्राणिशास्त्र, पुढे माशांवर किंवा वन्यजीवांवर काम करायचंय. आई म्हणते, जंगलात वाघ-बिबटे, त्यात तू मुलगी. स्कोप किती आणि धोका किती, हा तुझा प्रश्न. मी पुण्याचीच. चौदा वर्षं सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांमधल्या माशांवर काम करतेय, म्हणून लिहितेय.

बिबट्या मला इतक्या वर्षांत तीनदा दिसला, तिन्ही वेळा पाठमोरा. भ्यायचं ते पाण्याला, शेवाळलेल्या कातळाला, दिवसभर राबून रात्री घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या झोपेला. आणि पुण्यात बसून ‘सँपल आजच हवीत’ म्हणणाऱ्या माणसाला.

माझा पहिला प्रोजेक्ट. ऑक्टोबर, परतीचा पाऊस. वेल्ह्याच्या पुढे घाटमाथ्याखाली एक ओढा, जवळची वाडी दीड तासावर, मोबाईलला रेंज नाही. आम्ही दोघी आणि वाडीतले एक मामा, साठीला आलेले. मळ्या धरायचा होता. तोंडाखालच्या चकतीने कातळाला चिकटून राहणारा हा मासा वाहत्या पाण्यातच मिळतो, त्यामुळे पाण्यात उतरल्याशिवाय काम होत नाही. सकाळी रेंज होती तोवर गाइडचा फोन येऊन गेला होता: तिन्ही जागा आज उरका, अहवाल द्यायचाय.

दोन जागा झाल्या. तीनच्या सुमारास मामा म्हणाले, “ताई, आता पाणी सोडा. वर डोंगरात पाऊस धरलाय.” आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, अर्धाच तास. मामा काही बोलले नाहीत, जाळ्याची दुसरी बाजू धरून उभे राहिले. वीस मिनिटांत पाणी चहासारखं झालं, पालापाचोळा वाहत आला, ओढ्याचा आवाज जड झाला. ही तीन लक्षणं आता मी प्रत्येक नव्या मुलीला आधी शिकवते. तेव्हा मला कोणी शिकवली नव्हती. मामांनी आम्हाला दोघींना हात देऊन काठावर काढलं आणि ते जाळं सोडवायला परत उतरले. पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि वरून पाण्याचा लोंढा आला. नडगी मोडली. जाळं प्रोजेक्टचं, पाय मामांचा.

मैत्रीण वाडीकडे पळाली. चार जण घोंगडी आणि बांबू घेऊन आले, झोळी करून त्यांना खाली आणलं. १०८ ला फोन करता आला तो डांबरी रस्त्याला लागल्यावर, तोपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. मामा वाटेत एकदाही ओरडले नाहीत. जाळं राहिलं का, एवढंच विचारलं.

ऑपरेशनचा खर्च मागायला गेले तेव्हा गाइड म्हणाले, “ते रोजंदारीवर होते, स्टाफ नव्हेत. आणि ही माणसं जंगलातच वाढलेली असतात, त्यांना सवय असते.” विमा आमच्या दोघींचा होता, मामांचा नव्हता. पैसे आम्ही मित्रमंडळींनी जमवले.

हा वाद माझा अजून मिटलेला नाही, म्हणून इथे मांडतेय. मामांना जंगल कळत होतं, म्हणूनच ते ‘पाणी सोडा’ म्हणाले. ऐकलं नाही ते आम्ही. आणि आपलं शास्त्र उभं आहे तेच याच माणसांच्या माहितीवर. १८३९ मध्ये साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा मुल्या (आपला मळ्या), कोलुस, खुद्री ही नावं त्याने इथल्या लोकांच्या तोंडून उचलली आणि ती शास्त्रीय नावांत आजही आहेत. त्यातला खुद्री, म्हणजे आपला महसीर, त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांना पावतीवर ‘मजूर’ लिहायचं, हे मला पटत नाही.

तर मुलाखतीला जाशील तेव्हा स्टायपेंडच्या आधी विचार: सोबतच्या स्थानिक माणसाचा विमा आहे का? आणि त्याने ‘नको’ म्हटलं तर त्या दिवशीचं काम थांबतं का? उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर ती जागा सोड.

स्कोपचं थोडक्यात. बी.एस्सी.वर काही होत नाही, एम.एस्सी. लागतेच. मासेच करायचे तर मुंबईची सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, वन्यजीवांसाठी डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट. आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे, तिथे जाऊन बाटल्यांतले नमुने बघ, हा विषय आपल्याला झेपतो का ते कळेल. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. नुसत्या प्रोजेक्टवर त्याहून कमी, तेही प्रोजेक्ट असेपर्यंत. पक्क्या नोकऱ्या मोजक्या आहेत. अभयारण्यात काम करायचं तर परवानगीला महिने जातात, तेवढे धरूनच वेळापत्रक आख.

मुलगी म्हणून? वाड्यांवर मला घरच्यासारखं ठेवून घेतलंय. त्रास झाला तो रात्रीच्या एसटी स्टँडवर.

एक मात्र आहे, माझा अनुभव ओढ्यांचा. वाघाच्या जंगलात माझं गणित चालणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका वनरक्षक ताईंचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला, तेव्हा तुझ्या आईची भीती खोटी नाही. सापांचंही तसंच. साप चावल्यावर देतात ती आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरशावर चालते, घाटातल्या चापड्यावर नाही. म्हणून कुठल्या दवाखान्यात काय मिळतं हे निघायच्या आधी बघायचं.

आईला इतकं सांग की निघण्याआधी घरी एक कागद ठेवून जाशील: कुठला ओढा, कुठली वाडी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. माझ्या आईच्या फ्रिजवर असा कागद नेहमी असतो. हल्ली त्यावर माझ्या नावाखाली सोबत येणाऱ्या मामांचं नाव आणि त्यांच्या घरचा नंबरही असतो.